वाऱ्याची बाजू

वेटरने शेवटच्या टेबलावर मेणबत्ती लावली, एक पाऊल मागे सरला आणि ज्योतीकडे बघत राहिला. दुपारचा एक वाजला होता. ज्योत उजवीकडे, रस्त्याच्या बाजूला झुकली, तेव्हा त्याने डावीकडची खुर्ची ओढून आपल्या मुलीला बसायला सांगितलं.

साथीमुळे रेस्टॉरंटच्या आत बसायला बंदी होती, म्हणून मालकीणबाईंनी टेबलं अंगणात मांडली होती. गॅसच्या शेगड्या आणल्या, प्लॅस्टिकचे पडदे लावले, गिऱ्हाइकांच्या मांडीवर घालायला शाली ठेवल्या. मेणबत्त्या मात्र वेटरच्या डोक्यातून निघालेल्या. ज्योत सरळ उभी राहिली की हवा कोंडली असं समजून तो पडदे वर करायचा आणि गिऱ्हाइकं कुडकुडायची. कुणी खोकलं, की वारा कुठे वाहतो ते ज्योतीवरून बघून त्याला पार रस्त्याच्या कडेला नेऊन बसवायचा. दिवसाढवळ्या मेणबत्त्या बघून लोक हसत. मालकीणबाई म्हणत, दुधाने तोंड पोळलेला ताक फुंकून पितो, हा तर पाणीसुद्धा फुंकतो.

पण तोंड पोळलं होतं हे खरंच. उन्हाळ्यात त्याची बायको गेली. गॅसवरचं दूध करपलं, घरभर धूर झाला आणि ती शेजारीच बसून भाजी निवडत होती. तिला वासच आला नव्हता. दुखणं सुरू झालं ते असं, आणि पंधरा दिवसांत सगळं आटोपलं. तेव्हापासून त्याने हाय खाल्ली. मुलीला सातवा महिना लागला तरी तो तिच्या घराची पायरी चढला नव्हता. शेवटी तीच हट्टाला पेटली. उघड्यावर तर भेटाल, गिऱ्हाईक म्हणून येते, म्हणाली.

आणि आज नेमका रस्त्याकडच्या टेबलावर एक म्हातारा खोकत होता. सूप आणताना, चमचे पुसताना वेटरचा एक डोळा म्हाताऱ्यावर आणि एक ज्योतीवर होता. ज्योत म्हाताऱ्याकडेच झुकलेली होती. म्हणजे त्याचा खोकला इकडे येत नव्हता.

वारा बोचरा होता. मुलीने शाल गळ्यापर्यंत ओढली तरी तिचे दात वाजत होते. म्हाताऱ्याचं सोडून बाकीची टेबलं रिकामी झाल्यावर तो तिच्या डावीकडे, वाऱ्याला पाठ देऊन उभा राहिला. तिचं कुडकुडणं थांबलं.

"बाबा, तोंड तरी दाखवा," ती म्हणाली. "सहा महिन्यांनी भेटतोय, आणि नुसते डोळेच बघतेय."

त्याने ज्योतीकडे पाहिलं, म्हाताऱ्याकडे पाहिलं आणि मास्क खाली ओढला. मग अर्धा तास कसा गेला ते कळलं नाही. बाळ रात्रभर लाथा मारतं, आजीवर गेलंय, असं ती सांगत होती. तो तिच्याकडे वाकून ऐकत होता. एकदा तर तो खदखदून हसला. किती दिवसांनी हसला, त्याचं त्यालाच आठवेना.

म्हातारा उठला. जाता जाता लांबूनच म्हणाला, "चाळीस वर्षांच्या सिगारेटी आहेत या. सकाळीच तपासून आलोय, काही नाही निघालं. तुम्ही आपलं चोर सोडून संन्याशाला फाशी देत होतात."

वेटर ओशाळला, पण छातीवरचं ओझं उतरलं. मुलगीही निघायला उठली आणि कोट घालायला टेबलाच्या पलीकडे गेली. त्याने बोटं ओली करून वात चिमटीत विझवली. धूर तिच्याकडे गेला.

"ई, केवढा वास येतोय," तिने नाकाला हात लावला.

वेटर हसता हसता थांबला. त्याने मेणबत्ती उचलली. वातीतून अजून धूर निघत होता. त्याने ती नाकाशी धरली आणि दीर्घ श्वास घेतला. मग टेबलावरची व्हिनेगरची बाटली उघडून हुंगली. पाणी हुंगावं तसं वाटलं.

"चला, एकदा जवळ घ्या मला," मुलगी हात पसरून पुढे आली. "आता कुणी खोकत नाहीये."

"तिथेच थांब."

त्याने मास्क वर चढवला. काडी पेटायला तीन वेळा घासावी लागली.

"आता परत कशाला लावताय?" तिने विचारलं.

पेटलेली मेणबत्ती घेऊन तो तिच्या खुर्चीच्या डावीकडे गेला. मघाशी जिथे उभा होता तिथेच उभा राहिला, पण या खेपेला वाऱ्याच्या वाटेतून अंग बाजूला घेतलं, आणि मेणबत्ती आपल्या तोंडाच्या उंचीवर धरली.

ज्योत थरथरली आणि मुलीच्या रिकाम्या खुर्चीकडे झुकली.