दर्यावरच्या लेकासाठी पेटी

"नर्मदे, बर्फ वितळला गो, आता किती वाट बघायची?" चुलत सासूचा तो आवाज अजून नर्मदाच्या कानात होता. सासरे गेले तेव्हा त्यांचा देह मासळीच्या बर्फावर ठेवलेला आणि नवरा भाग्येश मासेमारीला दर्यात. शेवटी तिनेच अग्नी द्यायला सांगितलं. त्याची बोट दुसऱ्या दिवशी किनाऱ्याला लागली. भाग्येश त्यावर कधी चकार शब्द बोलला नाही.

आज त्यांच्या नवापूर गावासाठी देह गार ठेवणारी विजेची शवपेटी निवडायला दोघं बोईसरच्या दुकानात आली होती.

"आमची लाइट रोज माहेरी जाते, तवा काय?" नर्मदाने विचारलं.

दुकानदाराने हसून पेटीची वायर काढली. पेटी बॅटरीवर घुमतच राहिली. भाग्येशने आत हात घालून गारवा पाहिला.

"हीच घेऊ," तो म्हणाला. मग हलकेच, "तवा तू बरोबरच केलंस गो. बाबांचे हाल नाय होऊ दिलेस."