नागोरावांची रेघ

"त्याहीले एकट्याले सोडू नको वं!" तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून द्वारकाबाई ओरडल्या, तेव्हा खाली पार्किंगमध्ये उत्कर्षा वडिलांच्या सायकलच्या हँडलवर काडेपेटीपेक्षा जरासं मोठं असं एक काळं यंत्र बसवत होती.

"आई, हळू! सगळी सोसायटी उठेल," उत्कर्षा म्हणाली.

"उठू दे. सगळ्या सोसायटीले ठाऊकच हाय."

ठाऊक होतंच. नागोराव वाट चुकतात, ही गोष्ट बिबवेवाडीतल्या त्या सोसायटीत नळाला पाणी येण्याइतकी नेहमीची होती. वाशीमकडून पुण्याला येऊन त्यांना पंचवीस वर्षं होत आली होती. पण त्यांचं पुणं म्हणजे घर, कोपऱ्यावरचा बसथांबा आणि भोसरीचा कारखाना. मधलं सगळं शहर कंपनीच्या बसमध्ये डुलक्या काढण्यात गेलं. एकदा चुलतभावाच्या मुलीच्या लग्नाला ते एकटे निघाले, भलत्याच कार्यालयात शिरले, आहेर दिला, दोन पंगतींत वाढायलाही मदत केली आणि जेवून घरी आले. नवरीचं नाव वेगळं आहे, हे घरी आल्यावर त्यांच्या लक्षात आलं. ही गोष्ट सांगताना घरचे पोट धरून हसत, आणि नागोरावही हसत. पण त्या दिवसापासून ते एकटे लांब कुठे गेले नाहीत, हे कोणी फारसं मनावर घेतलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर तर त्यांचं जग गॅलरीतल्या खुर्चीपुरतं उरलं.

उत्कर्षा हिंजवडीच्या एका कंपनीत कामाला होती आणि तिला सायकलचं वेड लागलं होतं. वाट दाखवणारं यंत्र घ्यायचं, पण कोणतं? म्हणून सायकलच्या ग्रुपमधल्या ऋतुजाकडून एक आणि ऑफिसातल्या विक्रमकडून दुसरं, अशी दोन तिने उसनी आणली होती. एक मोठं, रंगीत नकाशावालं. मोबाइलवर वाट आखली की वायरीशिवाय आपोआप त्यात जाऊन बसायची. दुसरं साधं, राखाडी पडद्याचं. त्यात वाटेची फाइल टाकायची तर वायर जोडून लॅपटॉप उघडावा लागे. नकाशा वगैरे काही नाही. पडद्यावर नुसती एक रेघ आणि रेघेवर आपण म्हणजे एक बाण.

"एकाच रस्त्याने दोन्ही चालवल्याशिवाय कळणार कसं? बाबा, तुम्ही माझी जुनी सायकल घ्या," ती म्हणाली होती.

"मले त्यातलं काय समजते?"

"काही समजायचं नाही. बाण रेघेवर ठेवायचा. बाहेर गेलात की तेच ओरडेल."

तर अशी ती जोडी रविवारी पहाटे निघाली. वडिलांचा मोबाइल खिशातून पडायला नको म्हणून उत्कर्षाने तो आपल्या पाठीवरच्या पिशवीत टाकला. मार्केट यार्डात भाजीचे ट्रक खाली होत होते. मेथीचा ओला वास, हमालांची "हां, बाजूऽ!" अशी हाळी. नागोरावांचे पाय भरून आले होते खरे, पण गावाकडे आठवडी बाजाराला सायकल हाणलेली असल्याने ती काही विसरली नव्हती. कर्वे रस्त्याला ते चक्क गुणगुणत होते.

घोटाळा वारज्यात झाला. पुलाखालच्या गर्दीत एक टेम्पो आडवा आला, नागोराव थांबले, आणि टेम्पो हलल्यावर पाहतात तो पुढे उत्कर्षा नाही. डावीकडे नाही, उजवीकडे नाही. नुसत्या रिक्षा आणि हॉर्न.

 फोन तिच्या पिशवीत. कोणाला विचारावं तर विचारणार काय? कुठल्याशा धरणाच्या मागच्या बाजूला, कुठल्याशा देवळाशी जायचं एवढंच ती बोलली होती. गावाचं नाव त्यांनी ऐकून सोडून दिलं होतं. नाव लक्षात ठेवायची गरजच काय, पोरगी पुढे होती ना!

ते सायकल धरून बराच वेळ उभे राहिले. मागे वळावं, तर घरचा रस्ता तरी कुठे ठाऊक होता? मग त्यांची नजर हँडलवर गेली. राखाडी पडद्यावर बाण गुमान रेघेवर बसला होता. रेघ सरळ पुढे जात होती. काल रात्री जेवणं झाल्यावर पोरीने पाऊण तास लॅपटॉपपुढे बसून काढलेली रेघ.

"चाल बाप्पा," नागोराव यंत्राला म्हणाले आणि त्यांनी पायडल मारलं.

शिवणं गेलं. दुकानं विरळ झाली. एका फाट्यावर चांगला, रुंद, डांबरी रस्ता उजवीकडे बोलावत होता, आणि मन म्हणत होतं तोच खरा. नागोराव त्यावर वळलेही. यंत्राने टुक टुक केलं. ते थांबले, मागे आले, अरुंद रस्त्याला लागले. यंत्र गप्प झालं. कोणी हसलं नाही, कोणी कपाळाला हात लावला नाही. चूक झाली, सुधारली, संपलं. वाट चुकणं इतकं साधं असतं, हे त्यांना आजवर कोणी सांगितलंच नव्हतं.

पुढच्या चढावर त्यांना धाप लागली. उतारावर मात्र वारा सदऱ्यात शिरला आणि डावीकडे एकदम पाणी दिसलं. केवढं तरी, सकाळच्या उन्हात चमकणारं. नागोराव एकटेच "अरे वा वा वा!" असं मोठ्यांदा म्हणाले.

रेघ संपली तिथे भैरोबाचं देऊळ होतं आणि शेजारी चहाचं छप्पर. छपराखालच्या चहावाल्या मुक्ताबाईंनी पाहुण्याला न्याहाळलं.

"कुठनं आलासा?"

"बिबवेवाडीहून."

"ह्या वाटंनं? ह्या बाजूला नवीन मानूस येत न्हाई. म्हाईतगार दिसताय."

नागोरावांनी क्षणभर विचार केला, आणि "हो," एवढंच म्हणाले. चहा आणि दोन पोहे सांगून ते बाजेवर ऐसपैस बसले.

त्यांचा दुसरा चहा होईतो उत्कर्षा आली. चेहरा लालभडक, डोळे भरलेले. सायकल तशीच टाकून ती धावली.

"बाबा! तुम्ही... इथे? एकटे?"

"ये, बस. तुझे पोहे निवून राहिले."

"अहो, मी किती शोधलं तुम्हाला! वारज्यात अर्धा रस्ता खणलेला होता म्हणून जरा बाजूने गेले, तर या शहाण्या नकाशाने लगेच नवीनच रस्ता काढला. मला नेलं थेट हायवेवर! तुम्हाला फोन लावला, तर माझ्याच पाठीवर वाजायला लागला!"

नागोराव हसले. मग तीही हसली. हसता हसता रडली, आणि मग पोहे खाऊ लागली. तेवढ्यात पिशवीतला फोन पुन्हा वाजला. द्वारकाबाई. घाबरून उत्कर्षाने मघाशी त्यांना सगळं सांगून टाकलं होतं.

"सापडले का वं? म्या म्हणलं होतं! म्या म्हणलं नव्हतं का?"

नागोरावांनी फोन मागून घेतला.

"अवं, पोरगी हरवली होती," ते शांतपणे म्हणाले. "सापडली. घेऊन येतो."

पलीकडे द्वारकाबाईंना हसू फुटलं, आणि ते छपराखालच्या मुक्ताबाईंनाही ऐकू गेलं.

तुलनेचा निकाल लागला तो असा : रंगीत नकाशावालं चांगलं, फाइल पटकन घेतं, उत्कर्षाने तसलंच घ्यायचं ठरवलं. दुसऱ्याला वायर लागते, वेळ खातं, दिसायला यथातथाच. ते विक्रमने परत घेतलंच नाही, ऑफिसात गोष्ट ऐकून म्हणाला, "अगं, ते आता काकांचं झालं."

वायर जोडायला नागोराव आठवड्याभरात शिकले. आधी उत्कर्षाने काढलेल्या रेघांवरून जात. मग एका सकाळी रेघ न टाकताच निघाले आणि दुपारी जेवायच्या वेळेला परतले, पिशवीभर शेवंती घेऊन. गेलेली वाट यंत्र आपोआप टिपून ठेवत असे; ती फाइल उत्कर्षाने लॅपटॉपवर घेतली. घरापासून निघालेली लाल रेघ सरळ मार्केट यार्डापर्यंत गेली होती आणि फुलबाजारापाशी मात्र तिचा नुसता गुंता झाला होता. लहान मुलाने पेन्सिलीने गिरगटावं तसा.

"हे पुसून रेघ सरळ करून देऊ का, बाबा? इथे चुकलात ना?"

नागोराव हात पुसत आले, चष्मा लावला, आणि तो गुंता त्यांनी बराच वेळ, अगदी कौतुकाने पाहिला.

"राहू दे," ते म्हणाले. "चुकलो नाही तिथं. फिरलो."

स्वयंपाकघराच्या दारात द्वारकाबाई वेणीत शेवंती माळत होत्या. मग आत वळून तव्यावरची भाकरी त्यांनी टम्म फुगू दिली आणि नागोरावांच्या ताटात वाढली.