पश्चिमेकडचे चार फूट

गोदाबाईंना जाऊन तीन महिने झाले होते. त्यांचे यजमान खुशालराव यांनी भातकुलीहून शेडचं काम करणाऱ्या किशोरभाऊंना बोलावलं, ते गावच्या स्मशानात पत्र्याची शेड घालायला किती सामान लागेल ते काढायला. स्मशान म्हणजे नाल्याच्या पलीकडच्या काठावरचा उघडा तुकडा आणि त्यावर सिमेंटचा ओटा, एवढंच होतं.

एकुलती मुलगी पौर्णिमा अकोल्याहून रजा काढून आली होती. तिला हे पटलं नव्हतं. "आईच्या नावानं शाळेले पुस्तकं द्या, बाबा. लेकरं वाचतीन तरी. मेल्या माणसाले काहून पत्रे पाह्यजेत?" खुशालराव किशोरभाऊंसोबत स्मशानाकडे निघाले, तशी तीही मागोमाग गेली.

किशोरभाऊंनी टेपचं एक टोक तिच्याच हाती दिलं. लांबी वीस फूट, रुंदी सोळा. "दोन उतार काढू. पत्र्यावर पत्रा चढवा लागते, तवा एका उताराले सात पत्रे धरा. खांब चार, वरतं पत्रे पेलाले लोखंडी कैच्या. उंची बारा फूट."

"चौदा करा," खुशालराव म्हणाले.

"काहून? बारा पुरते ना."

"पत्रा लय तपते, भाऊ. हातात धरवत नाई."

किशोरभाऊ जरा थबकले, पण त्यांनी चौदा धरले. "पत्रा बाहेर दीड फूट काढतो, चारी बाजूनं."

"पश्चिमेकून चार काढा. पाणी तिकून आडवं येते. दीड फुटानं काई होत नाई. सरणाची ती बाजू पुरी भिजते. मंग मधातलं जळते अन् पायाकडलं तसंच राह्यते."

पौर्णिमाच्या हातून टेप सुटला.

"बाबा, तुमी तं म्हटलं होतं, दुपारी उघाड झाली. सगळं नीट झालं म्हटलं होतं."

"म्हटलं होतं."

किशोरभाऊ खड्ड्यांची जागा पाहायच्या निमित्तानं नाल्याकडे सरकले. खुशालराव खाली मातीतच बसले.

"पाऊस थांबलाच नाई, बेटा. तू पुलाच्या तिकडं अडकलेली, अन् तुह्या मायले घरात किती ठेवता? गोठ्यावरचे पत्रे काढून आणले. देवमन, ललित अन् आणखी दोघं ते सरणावर धरून उभे राह्यले. पत्रा तपला का ओल्या पोत्यानं धरत. डिझेल टाकलं, टायर टाकले." ते ओट्याकडे पाहत म्हणाले, "अंधार पडला तवा मीच म्हटलं, सोडा आता. सकाळी तू यायच्या आधी पुन्हा लाकडं लावली. तुले कोन्या तोंडानं सांगू?"

सावडायला ती पोचली तेव्हा राख हाताला चांगलीच गरम लागली होती. लाकडं बाभळीची होती, विस्तव रात्रभर राहिला असेल, असं तिला तेव्हा वाटलं होतं.

ती वडिलांशेजारी बसली. वावरातून कपाशी वेचणाऱ्या बायांचं बोलणं ऐकू येत होतं. मग तिनं उठून टेप उचलला आणि किशोरभाऊंना हाक मारली.

"पश्चिमेकून चारच फूट काढा, भाऊ."

"इतका पत्रा बाहेर आला तं वारा उचलते त्याले. तिकून दोन खांब जास्ती टाका लागतीन."

"टाका."

घरी आल्यावर खुशालराव जेवले नाहीत. दुपारी पौर्णिमा एकटीच देवमनकाकांच्या घरी गेली. ते अंगणात खाटेवर बसले होते. त्यांच्या बायकोनं, जाईबाईंनी तिला जवळ बसवून चहा दिला. तिची नजर काकांच्या उजव्या तळहातावर गेली. तिथली कातडी भाजून गुलाबी, गुळगुळीत झाली होती. त्यांनी हात मांडीखाली घेतला.

"काई नाई झालं ते," देवमनकाका म्हणाले. "तुही माय आमच्या घरची होती."

तिनं त्यांचा हात ओढून दोन्ही हातांत घेतला, आणि आई गेल्यापासून रडली नव्हती तेवढी ती त्या अंगणात रडली. जाईबाई तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिल्या.

शेड संक्रांतीआधी उभी राहिली. गावकरी म्हणाले, गोदाबाईंच्या नावाची पाटी लावू. खुशालरावांनी नको म्हटलं. ते एकदाच पाहायला गेले आणि नाल्याच्या अलीकडूनच परतले.