सागाच्या पट्ट्या

मिस्त्रींनी चाळीस वर्षांत एकही डुगडुगणारं टेबल बनवलं नव्हतं, आणि त्याचा त्यांना भलताच तोरा होता. "माझं कपाट तुमची नातवंडं वापरतील," हे ते गिऱ्हाइकाने न विचारताही ऐकवायचे. म्हणून बायकोच्या भावाची जुनी गिटार हाती आली तेव्हा म्हणाले, "त्यात काय मोठं? लाकूडच ना!" आणि नेमकं इथेच घोडं पेंड खाणार होतं.

बायकोचा डावा कान लहानपणीच्या तापात गेलेला. आता उजव्या कानाच्या नसेवर गाठ निघाली होती. डॉक्टर सरळ बोलणारे होते. "गाठ काढली की जीव वाचेल, कान जाईल. पुढच्या शुक्रवारी ऑपरेशन." दहा दिवस उरले होते. मिस्त्रींची तर पाचावर धारण बसली. दोघं दवाखान्यातून पायीच घरी निघाले. चालता चालता बायको जुन्या सामानाच्या दुकानापुढे एकदम थांबली.

आत खिळ्याला बारा तारांची गिटार लटकत होती. तारा उरल्या होत्या पाच, पोट फुगलेलं, तारा अडकवायची घोडी उखडलेली. "दादाची आहे," ती म्हणाली. दादा जाऊन वीस वर्षं झाली होती, वहिनीने तेव्हाच घर आवरून सगळं विकलं होतं. वर खुंट्यांपाशी सिगारेटचा काळा डाग होता. दादा पेटती सिगारेट तिथेच तारांत खोचून वाजवायचा, आणि आईच्या शिव्या खायचा.

"अहो, शुक्रवारच्या आत एकदा वाजवायचीय मला."

दुकानदार मोठा बेरकी. बाईचे डोळे भरलेले पाहून मेल्याने जागच्या जागी किंमत दुप्पट केली. मिस्त्रींनी आयुष्यात पहिल्यांदा घासाघीस केली नाही.

घरी येऊन त्यांनी तापवलेल्या सुरीने गिटारीची पाठ उकलली. आतल्या आधाराच्या पट्ट्या निघाल्या पेन्सिलीएवढ्या. त्यांना हसूच आलं. बारा तारांचा ताण म्हणजे दोन माणसं लटकावीत एवढा, आणि त्याला आधार हा? पोट फुगेल नाही तर काय होईल! त्यांनी त्या काढून अंगठ्याएवढ्या जाड सागाच्या चार पट्ट्या सरस लावून आत बसवल्या, शिकंज्यात आवळल्या, पाठ बंद केली, घोडी चिकटवली, नव्या तारा चढवल्या. जिवाचं रान केलं माणसाने. सोमवारी दुपारी गिटार बायकोच्या मांडीवर ठेवली आणि कौतुकाची वाट बघत उभे राहिले.

तिने तारा छेडल्या. बंद कपाटावर कुणी थाप मारावी तसा आवाज आला.

तिने चांगला कान जवळ नेला, पुन्हा छेडल्या. मग म्हणाली, "छान झालीय."

"खोटं बोलू नकोस!" मिस्त्री ओरडले आणि खाली बसून लहान पोरासारखे रडायला लागले. शिकलेलं एकच काम, आणि तेच नको त्या जागी केलं.

तिने त्यांना रडू दिलं. मग गिटारीच्या पोटावर कान टेकवून बोटाने टिचकी मारली. "इथे कोंडलंय. ही लाकडं काढा."

"अगं, काढली तर तारा पोट फाडून बाहेर येतील!"

"किती दिवसांनी?"

"काय सांगू? महिना टिकेल, नाहीतर तासभर."

"तासभर पुरे मला."

मंगळवारी पाठ पुन्हा उकलली. सरस सुटेना. स्वतःच्याच मजबुतीला मिस्त्री शिव्या घालत होते. पटाशीने ते सागाचे पापुद्रे काढायचे, गिटार उचलून धरायचे, ती पोटावर कान लावून टिचकी मारायची आणि म्हणायची, "अजून." पट्ट्या बोटाएवढ्या झाल्या, पेन्सिलीएवढ्या झाल्या, तरी "अजून." पटाशी दोनदा आरपार जाता जाता राहिली. "अगं, आता काही उरलंच नाही!" "अजून थोडं." बुधवारी सकाळी टिचकी रिकाम्या घागरीसारखी घुमली. तिने हात वर केला. मिस्त्रींनी पटाशी ठेवली आणि सरस लावून पाठ पुन्हा बंद केली.

सरस वाळायला दोन दिवस लागतात. त्यांच्याकडे एकच होता. गुरुवारी संध्याकाळी साडेपाचला टॅक्सी येणार होती, सहाला दवाखान्यात भरती. तीन वाजता तारा चढवायला घेतल्या. सुरात आणता आणता पावणेपाच झाले, आणि सगळ्यात बारीक तार तटकन तुटली. दुसरी नव्हती.

"संपलं सगळं!" मिस्त्रींनी कपाळाला हात लावला.

"अकरा आहेत ना अजून? उगाच गळा काढू नका."

दाढीचं पाणी तापेपर्यंत दादा रोज जी चाल वाजवायचा, ती तिने धरली. बोटं अडखळली, चुकली, मग त्यांना आठवलं. जोडीजोडीने लावलेल्या तारांत जाड तारेमागून तिची बारीक जोडीदारीण बोलत होती, फळीवरचे पेले झणझणत होते. बाईचे डोळे मिटलेले, कान गिटारीकडे झुकलेला. मिस्त्रींना वाटलं, देवा, हे घड्याळ फोडून टाकावं.

तेवढ्यात कडकन आवाज झाला. घोडीपासून खाली पोटाला केसाएवढी चीर गेली होती. तारा आत्ता सैल केल्या तर गिटार वाचणार होती. ते झटकन उठले.

"ऐकलं मी," ती न थांबता म्हणाली. "अजून कान आहे मला. बसा खाली."

चाळीस वर्षांत चीर दिसली आणि मिस्त्रींचा हात गेला नाही असं कधी झालं नव्हतं. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ते बसले. घोडी हळूहळू वर उचलली जात होती, चीर बोटभर पुढे सरकली, ती वाजवत राहिली.

बाहेर टॅक्सीवाल्याने हॉर्न दिला. मिस्त्री अनवाणीच रस्त्यावर धावले आणि त्याच्यापुढे हात जोडून म्हणाले, "बाबा, हॉर्न नको वाजवू. ती ऐकतेय."