कोणाचं ‘घे वर’?

कल्याणचा पाय एका जागी ठरत नव्हता. भोकरदनला तृप्तीताईच्या मोबाईलच्या दुकानात तो चौथ्यांदा उठला अन् चौथ्यांदा बसला.

"अंगात आल्यासारखं काय करून राह्यलास रे? बस की गप!" लॅपटॉपवरून नजर न काढता ताई म्हणाली.

बसतो कसला! काल धावड्याच्या शिवारात विहीर खोदताना वॉकीटॉकीत "घे वर" आलं, अन् यानं क्रेनचा दांडा ओढला. बोललं होतं शेजारच्या विहिरीवरचं माणूस. दोन्ही टोळ्यांचे सेट एकाच दुकानातले, चॅनलही एकच. खाली कल्याणचे दाजी, बहिणीचा नवरा माऊली, यांचा एकच पाय डोलात, क्रेनला टांगलेल्या मोठ्या बादलीत, होता. कडीला कोपर अडकवून लोंबकळले म्हणून वाचले. कल्याणला रात्रभर तो दुसरा पायच दिसत होता. सकाळीच तो टोळीचे दोन्ही सेट घेऊन चॅनल बदलायला ताईकडे आला.

फोन वाजला. दाजीच. "बाराला उतरून राह्यलो मी. तू न्हाई आला तर भागवत चालवतो क्रेन."

भागवतनं परवाच पहिल्यांदा क्रेनला हात लावला होता!

"ताई, जल्दी करा ना!"

"जल्दी काय, जादू आहे का? केबल नकली आहे तुझी. लॅपटॉपातलं केबल चालवणारं सॉफ्टवेअर, नवा ड्रायव्हर, हिला ओळखच देईना." तिनं जुना ड्रायव्हर टाकला. इशाऱ्याची पिवळी खूण गेली, केबलचा पोर्ट दिसला. कल्याणचा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच पडद्यावर आलं, रेडिओ उत्तर देत नाही.

"आता काय झालं याच्या मायला!"

ताईनं केबलची पिन सेटमध्ये दाबून पाहिली. ती पूर्ण बसतच नव्हती. कल्याणनं सेट हिसकावून उजेडात धरला. भोकात विहिरीतल्या दगडाची भुकटी ठासून भरलेली. ताईनं दिलेल्या सेफ्टी पिनेनं त्यानं ती कोरली, फुंकली. खट्ट! पिन बसली. पाठोपाठ दुसराही सेट साफ झाला, अन् दोन्हींना नवा, वेगळा चॅनल मिळाला.

बाराला पाच कमी असताना तो विहिरीवर पोचला. भागवत क्रेनवर बसलेला. "ऊठ आधी तिथून!" कल्याण ओरडला.

दाजी खाली गेले. तासाभरानं आवाज आला, "घे वर."

कल्याणनं दांडा धरला, पण ओढला नाही. "कोण बोलतंय?"

"अरे, खाली मी एकटाच हाये!"

"नाव सांगा, दाजी. न्हाईतर ओढत न्हाई."



"माऊली. तुझ्या बहिणीचा नवरा. दोन्ही पाय डोलात हायेत. घे आता."

कल्याणनं बाहीनं डोळे पुसले अन् दांडा हळूच ओढला.