तिसऱ्या कडव्यात घसरलं कोण

भागूबाईचा राग तसा जुना, पण यंदाच्या जयंतीला त्याला नवी धार चढली. राज्याचे दोन भाग होणार होते, ती वाटणी दीड महिन्यावर आली होती. टीव्हीवर सकाळ-संध्याकाळ एकच आरडाओरडा, कुठलं धरण कुणाकडे आणि कुठला कारकून कुणाकडे. वस्तीतल्या जयंतीच्या मांडवात मात्र दरवर्षीचीच कॅसेट लागली, उत्तमरावांच्या गायन पार्टीने तीस वर्षांपूर्वी नांदेडला जाऊन रेकॉर्ड केलेली. तिसऱ्या कडव्यात वरचा सूर लावताना एक आवाज घसरतो, आणि तो घसरला की मांडवातली जुनी माणसं एकमेकांना कोपराने ढोसतात. ते भागूबाई सहन करत आली होती. यंदा सूत्रसंचालकाने माईकवरून जाहीरच केलं, "आता ऐका, भागूआजीचा फेमस झटका!" अख्खा मांडव हसला. भागूबाई पहिल्या रांगेत नवं पांढरं लुगडं नेसून बसली होती.

लोक हसले त्याचंही तिने फार मनावर घेतलं नसतं. पण स्टेजवर गळ्यात हार घालून बसलेले उत्तमराव हसले! ज्यांनी तिला "कॅसेट नासवली" म्हणून चारचौघांत पार्टीतून काढलं, तेच हसले. आणि भागूबाईचं म्हणणं पहिल्या दिवसापासून एकच होतं: सूर गेला तो त्या उत्तमचा, आणि खापर फोडलं माझ्या डोक्यावर.

"मी पेटीकडं उभी, चतुरा ढोलकीकडं, मधी उत्तम," ती सांगायची. "मला माझा आवाज ठावा नाय व्हय?" हे तिने मुलाला इतक्यांदा सांगितलं होतं, की दौलतला ती रेकॉर्डिंगची खोली न पाहताही पाठ झाली होती.

दौलत रेल्वेच्या ऑफिसात हेडक्लार्क, राहायला तारनाक्याला. मांडवातून घरी येईपर्यंत त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. आईने गाणं सोडलं तेव्हा तो शाळेत होता. त्यानंतर तिने घरात अंगाईसुद्धा म्हटली नाही, नातवंडं झाली तरी नाही. एका माणसाच्या शब्दावर एका बाईचा गळा कायमचा बंद होतो, आणि त्या माणसाला हार घालतात! दौलतने ठरवलं, हा सूर कुणाचा ते एकदाचं शोधायचं आणि उत्तमरावांच्या कानाला लावायचं.

त्याने कॅसेटवरचं गाणं मोबाईलमध्ये भरून आणलं, वायरवाला इअरफोन कानात घातला आणि कपाळाला हात लावला. सगळा लगदा, बाई कुठली आणि बाप्या कुठला कळेना. ढोलकी दणदणतेय, पेटी कण्हतेय, आणि माणसं कुठेतरी पोत्यात घातल्यासारखी गातायत. ऑफिसातले एकनाथराव गाण्याचे वेडे. ते म्हणाले, "अहो, मोबाईल बोलायला केलाय. गाण्याचा प्लेअर वेगळा मिळतो. तो घ्या आणि कानभर बसणारा हेडफोन घ्या. मग प्रत्येक आवाज आपापल्या जागी उभा राहतो."

आपापल्या जागी! दौलतला तेवढंच हवं होतं.

रविवारी तो आईला घेऊन कोठीच्या बाजारात निघाला. भागूबाईने चतुराबाईलाही ओढून घेतलं. "साक्षीला पाहिजे. नाय तर उत्तम म्हणंल, मायलेकानं मिळून नाटक केलं." चतुराबाई तिची पार्टीतली जोडीदारीण, वस्तीत तिच्या घरापासून तीन दारं सोडून राहायची, दौलतची मावशीच ती. तिने बरेच आढेवेढे घेतले. आज रस्त्यावर मोर्चा असेल, उन्हाने चक्कर येते, आणि बाई, जुनं कशाला उकरायचं? भागूबाईने तिच्या हातात पिशवी दिली आणि रिक्षात बसवलं.

पहिल्या दुकानदाराने दौलतच्या डोक्यावर हेडफोन चढवला आणि असं काही लावलं की त्याच्या दाढा हलल्या. "बेस देखो साब, बेस!" दौलत म्हणाला, मला आवाज ऐकायचाय, धक्के खायला आलो नाही. दुसरा दुकानदार 'प्लेअर' म्हटल्यावर हसलाच. "मोबाईल है ना साब, उसमेंच सुन लेते अब सब." जो तो आपल्याला काय हवं ते सांगत होता, याला काय हवं ते विचारायला कुणी तयार नव्हतं. उन्हात दोन म्हाताऱ्या घेऊन फिरणारा दौलत एव्हाना कुणाशीही भांडायला मोकळा होता.

तिसरं दुकान जुनं, मालक पिकल्या दाढीचा. त्याने निदान खुर्च्या दिल्या. "जल्दी लेलो साब, स्टेट अलग हुआ तो टॅक्स कित्ता लगता की कौन जाने," एवढं सांगून त्याने तीन प्लेअर काढले. दौलतने आपलं गाणं तिन्हींत घालायला लावलं. पहिल्यात सगळ्यांचे आवाज साखर लावल्यासारखे गुळगुळीत झाले. हे खरं नव्हे, हे त्याला लगेच कळलं. दुसऱ्यात ढोलकी पुन्हा अंगावर आली. तिसरा दाखवताना मालक ओशाळला. "इसमें बेस नै है साब. सादा है. कोई लेताच नै इसकू."

दौलतने तो कानाला लावला. डाव्या कानाशी पेटी, उजव्या कानाशी ढोलकी, मधोमध उत्तमराव. आणि पेटीच्या शेजारी, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ, त्याची माय. चाळिशीतली. खणखणीत. हा आवाज आपल्या घरात होता आणि आपण तो असा कधी ऐकला नाही, या विचाराने त्याला रडू यायला लागलं. तिसरं कडवं यायच्या आधीच त्याने गाणं परत पहिल्यावर नेलं आणि हेडफोन आईच्या हातात दिला. ते ऐकायचा पहिला हक्क तिचा होता.

"अम्मा, संभालके, मेहंगा है," मालक म्हणाला.

"कानाला लावाया लागले, खाया नाय," भागूबाई म्हणाली.

तिने डोळे मिटले. पहिल्या कडव्याला तिचं बोट ताल धरू लागलं. दुसऱ्याला ओठ हलले. चतुराबाई रस्त्याकडे पाहत होती. तिसऱ्याला भागूबाईचं बोट वर गेलं आणि तसंच राहिलं.

"पुन्यांदा लाव."

दौलतने लावलं. ते संपल्यावर तिने आणखी एकदा लावायला सांगितलं. मग हेडफोन काढून हातात फिरवत ती म्हणाली, "दौलत, हे उलटं तर नाय घातलं? डावं उजव्याला?"

दौलतने आतली खूण पाहिली. मालकानेही पाहिली. "बराबर है अम्मा."

दौलतने हेडफोन आईच्या हातातून घेतला आणि तिसरं कडवं स्वतः ऐकलं. उत्तमराव मधोमध सरळ वर चढले, कुठे धक्का नाही. पेटीशेजारी माय वर जाऊन खांबासारखी उभी राहिली. आणि ढोलकीच्या शेजारचा बायकी आवाज वर निघाला, निम्म्यात अडखळला आणि घसरला. एवढा स्वच्छ, की श्वास तुटलेलाही ऐकू आला. ढोलकीकडे कोण उभं होतं, ते त्याला कुणी सांगायला नको होतं.

"चतुरे," भागूबाई म्हणाली.

चतुराबाईने पिशवीचे बंद घट्ट धरले. "भागे, तवा माझे मालक जाऊन चार महिने झालते. पार्टीतून काढलं असतं तर तीन लेकरं काय खाल्ली असती? तुझ्या घरी पगार होता."

"तुला ठावं होतं?"

"त्याच टायमाला कळलं. उत्तम दादानं तुझं नाव घेतलं, अन् मी खाली पाहिलं."

भागूबाई आता फुटली. दुकानातली दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली, मालक काउंटरमागे उभा राहिला. "तीस वर्सं! तीस वर्सं मी त्या उत्तमला शिव्या घातल्या, अन् तू माझ्या चुलीपाशी बसून 'व्हय गं, व्हय गं' म्हणत चहा प्यालीस! सूर गेला त्याचं मला काय नाय. कुणाचाबी जातो. पण मला सांगितलं नाय तू! तवाच, रेकॉर्डिंगच्या पायरीवर, कानात म्हनायचं, 'भागे, माझा गेला.' मीच उठून म्हनले असते, माझा गेला म्हणून. नसते म्हनले? बोल!"

"म्हनली असतीस," चतुराबाई म्हणाली.

"मग?"

भागूबाई उठून दुकानाच्या पायऱ्या उतरली.

"इत्ता सुन लिये, अब नक्को बोलते!" मालक मागून ओरडला. त्याचंही बरोबरच होतं. दौलतने हात जोडले आणि रिक्षा थांबवली.

रिक्षात दौलत मधे, दोघी दोन बाजूंना. चतुराबाई पदराने नाक पुसत होती. दौलतचा राग मात्र अजून तसाच होता. न्याय मिळवायला आलो, आणि हाताला काय लागलं? "माय, वस्तीत सांगायला पाहिजे," तो म्हणाला. "तुझा सूर नव्हता, एवढं तरी. तीस वर्षं तुझं नाव खराब केलं त्यांनी."

"काय सांगतो? भागूबाईचा गेला, हेच सांगायचं."

"पण माय, तू तर..."

"मी म्हनले असते म्हनले ना? मग आता म्हंते." ती बाहेर बघत बोलत होती. "अन् त्या उत्तमची माफी मागावं म्हंत होते, पर हसला तो. त्याला नाय." मग तिने मान न वळवता आवाज चढवला. "अन् हिला म्हनावं, माझ्याशी बोलायचं नाय. बिलकूल नाय."

मावशीने मान हलवली. रिक्षा विद्यापीठाच्या कमानीपाशी आली.

"दौलत," भागूबाई म्हणाली, "हिला इचार, सकाळपासून काय खाल्लं का."

दौलतने विचारलं. मावशी म्हणाली, "नाय."

"मग घरी चल म्हनावं," भागूबाई म्हणाली.