उभे राहण्याचा सराव

तीस मीटर धावून झाले की मालन उभी राहायची. नुसती उभी. कमरेवर हात, नजर आभाळात. गोरेगावच्या मैदानाच्या कठड्यावर बसलेल्या नलिनीबाईंच्या जिवाची तेव्हा काहिली होई. कापड गिरणीच्या वाइंडिंग खात्यात, सूत गुंडाळण्याच्या यंत्रांवर, त्यांनी उमेदीची सारी वर्षे काढली होती. चालू यंत्रापाशी हात जरा थांबला, तरी मुकादमी करणारा जॉबर सगळ्यांदेखत पाणउतारा करी. संपात गिरणी गेली, तो धाक मात्र अंगातून गेला नव्हता. आणि इथे मुलीच्या प्रशिक्षिका कमलबाई स्वतःच सांगत होत्या, "थांब. श्वास पुरता खाली बसू दे. मगच पुढची धाव."

"असल्या लाडाने कुणी राज्याच्या संघात जातं?" नलिनीबाई घरी कडाडल्या. त्याच संध्याकाळपासून त्यांनी मालनला जोगेश्वरीहून गोरेगावपर्यंत आणि परत पळवायला सुरुवात केली.

"आई, कमलबाईंना कळलं ना, तर माझी वाट लागेल."

"कळेल कसं? तू सांगणार आहेस? पळ!"

मालन पळत राहिली. दमसास वाढला, पण सकाळी मैदानावर पाय जड पडू लागले. कमलबाई हातातल्या घड्याळाकडे पाहून कपाळाला आठ्या घालत. निवड चाचणीत मालन सुटतानाच मागे पडली आणि मागेच राहिली. संघात घाटकोपरची चंपा गेली.

"पावसाळ्याआधी हीच पोरगी चंपाला मागे टाकत होती," कमलबाई म्हणाल्या. "मालन, खरं सांग. आणखी काय करतेस?"

मालनने आईकडे पाहिले.

"मी पळवते तिला," नलिनीबाई ताठ मानेने म्हणाल्या. "संध्याकाळी. माझी मुलगी कामचोर नाही."

"कामचोर कोण म्हणालं? नलिनीबाई, स्नायूंत दोन जातींचे तंतू असतात. एक सावकाश, पण तासन्‌तास राबणारे. दुसरे क्षणात झटका देणारे आणि लगेच थकणारे. शंभर मीटरची शर्यत या दुसऱ्यांच्या जिवावर. जोरकस धावेने ते जाड होतात, ताकद वाढते. पण मध्ये विसावा मिळाला तरच. तुम्ही त्यांना रोज थकवलंत, वर दमाच्या कामाला जुंपलंत."

"मग हे आधी नाही सांगायचं?"

"तुम्ही विचारलंत कधी?"

घरी मालनने ताट बाजूला सारले. "गिरणीत तू राबलीस ना आई, त्याची शिक्षा मला का?"

नलिनीबाईंनी संतापाने ते ताट पुन्हा तिच्यापुढे ढकलले.

पुढच्या आठवड्यात मैदानावरचा सराव पुन्हा सुरू झाला; संध्याकाळचे पळणे मात्र बंद झाले. मालन सुटली, धावली, उभी राहिली. नलिनीबाईंच्या ओठांवर हाक आली; त्यांनी ती दातांखाली दाबली. फिरायला आलेले शेजारचे राजारामभाऊ कठड्यापाशी थबकले.

"काय वहिनी, पोरगी धावते कमी, उभीच जास्त!"

"तिचं कामच चाललंय," नलिनीबाई खेकसल्या. "तुम्ही चालू लागा."

आणि मालनची पुढची धाव सुरू होईपर्यंत, निखाऱ्यांवर बसल्यासारख्या, त्या जागच्या हलल्या नाहीत.